जुना गेम खेळताना नोंद कशी ठेवावी आणि अडलं तर कसं सांगावं

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि नोकरीला महापेला जाते. सकाळच्या ट्रान्स-हार्बर गाडीत घणसोली येईपर्यंत माझ्या हातात एक छोटी वही असते. आदल्या रात्री खेळलेल्या गेमची नोंद तिच्यात होते: कुठवर पोचले, कोण मेलं, कशाने वैतागले. तीच नोंद मग आमच्या गटात जाते. आम्ही सहा जण आहोत. तिघं ठाण्यातले, दोघं ऐरोलीचे आणि नेरुळचे एक काका. सगळे जुने रोल-प्लेइंग (एखादं पात्र होऊन गोष्टीत पुढे जायचं) आणि स्ट्रॅटेजी (डावपेच आखून लढायचं) गेम खेळतो, म्हणजे साधारण १९९४ ते २००२ या काळात आलेले.

'बाल्डर्स गेट' मी दोनदा अर्ध्यात सोडला होता. तिसऱ्यांदा पुरा केला, कारण त्या वेळी दर आठवड्याला "मग, खाणीतून बाहेर पडलीस का?" असं विचारणारं कोणीतरी होतं. या गेममध्ये नकाशावर बाण दिसत नाही आणि पुढे काय करायचं ते कोणी परत परत सांगत नाही. असे जुने गेम निघाले तेव्हा खोक्यात जाडजूड पुस्तिका यायची आणि कॉलेजात तोच गेम खेळणारे दोघं-तिघं भेटायचे. आज पुस्तिका पीडीएफमध्ये पडून राहते आणि आजूबाजूला तो गेम खेळणारं कोणी नसतं. तुम्ही पहिल्यांदाच या वाटेला येत असाल, तर आम्हाला जे उमगायला दोन-तीन वर्षं लागली ते इथे क्रमाने लिहिते आहे.

काय काय लागेल

- साधा लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.
- माउस. टचपॅडवर स्ट्रॅटेजी गेम खेळू नका, मनगट दुखतं आणि गेमबद्दल मत उगाच वाईट होतं.
- गेमची अधिकृत प्रत आणि तिची पुस्तिका.
- वही आणि पेन. फोनमधलं नोट्सचं ॲपही चालेल, पण नकाशा काढायला कागद बरा.
- सेव्हच्या, म्हणजे कुठवर खेळलो ते साठवणाऱ्या फाइलच्या, प्रतींसाठी पेन ड्राइव्ह.
- ऐकणारा किमान एक माणूस. तो गेम खेळणारा असला तर उत्तमच. नसला तरी विचारणारा असावा.

१. पहिला गेम निवडा

माझं मत विचाराल तर 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' पासून सुरुवात करा. तो १९९९ चा आहे. त्यात एकेक दिवस जातो आणि तुम्ही चाल संपवल्याशिवाय काही हलत नाही, त्यामुळे मध्येच उठून कुकर बंद करून आलात तरी बिघडत नाही. दिवस मोजलेले असल्याने नोंद ठेवणंही सोपं जातं. इथे एक सापळा आहे. २०१५ मध्ये निघालेल्या 'एचडी एडिशन'मध्ये पुढचे दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ गेमला नंतर जोडलेले भाग, नाहीत. 'कम्प्लीट' नावाची आवृत्ती घ्या, तिच्यात सगळं आहे.

गोष्टीत रमणारे असाल तर 'फॉलआउट' (१९९७) किंवा 'बाल्डर्स गेट' (१९९८) घ्या. दुसऱ्याची २०१२ मध्ये 'एनहान्स्ड एडिशन' आली, ती आजच्या स्क्रीनवर सरळ चालते. सायबर कॅफेत 'एज ऑफ एम्पायर्स २' खेळत मोठे झालेले असाल, तर त्याची २०१९ ची 'डेफिनिटिव्ह एडिशन' आहे. १९९४ चा 'एक्स-कॉम' मला फार प्रिय आहे, पण पहिला गेम म्हणून मी तो कोणाच्या हातात देणार नाही.

शक्य असेल तर तुम्ही आणि दुसरं कोणीतरी एकाच वेळी एकच गेम सुरू करा. दोघं दोन वेगळे गेम खेळत असतील, तर सांगणाऱ्याला दर वेळी आधीची सगळी कथा सांगावी लागते आणि दोन आठवड्यांत सांगणं थांबतं.

२. गेम चालता करा आणि सेव्ह कुठे जातं ते शोधा

घरात जुन्या सीडी सापडल्या की पहिला मोह त्या लावून बघण्याचा होतो. मीही पावसाळ्यात माळ्यावरचं खोकं काढलं होतं. निम्म्या सीडींना बुरशी लागलेली. उरलेल्यांपैकी काही विंडोज १० वर उघडल्याच नाहीत, कारण त्या काळातलं 'सेफडिस्क' नावाचं कॉपी-संरक्षण विंडोज १० मध्ये चालत नाही. शिवाय बऱ्याच जुन्या गेमचा इन्स्टॉलर १६-बिटचा असतो आणि ६४-बिट विंडोज तो उघडतच नाही. सीडीमागे आठवडा घालवू नका.

जीओजी हे दुकान २००८ पासून जुने गेम आजच्या विंडोजवर चालतील असे करून विकतं. तिथल्या इन्स्टॉलरची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवता येते आणि बहुतेक वेळा पुस्तिकाही सोबत मिळते. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. पैसे खर्च न करता अंदाज घ्यायचा असेल तर 'बॅटल फॉर वेसनॉथ' पूर्ण मोफत आहे. १९९५ चा 'कमांड अँड कॉन्कर' २००७ मध्ये आणि त्याचा भाऊबंद 'रेड अलर्ट' २००८ मध्ये कंपनीनेच मोफत केला.

इन्स्टॉल करताना 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये ठेवू नका. विंडोज तिथे जुन्या गेमला लिहू देत नाही आणि सेव्ह भलत्याच लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतं. सी ड्राइव्हवर साधं 'गेम्स' नावाचं फोल्डर करा. डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी बनलेला गेम असेल, तर तो डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रामात उघडेल. फार हळू वाटला तर कंट्रोल आणि एफ १२, फार पळायला लागला तर कंट्रोल आणि एफ ११. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ १०. एवढ्या तीन जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता सेव्ह. खेळायला बसायच्या आधी एकदा सेव्ह करा, गेम बंद करा, ती फाइल कुठे पडली ते शोधा आणि पेन ड्राइव्हवर घ्या. जून महिन्यात वादळी पावसात आमच्याकडे वीज गेली तेव्हा माझा अडीच तासांचा खेळ गेला, कारण त्या काळचे बरेच गेम आपणहून सेव्ह करत नाहीत किंवा फक्त जागा बदलताना करतात. 'फॉलआउट'मध्ये सेव्हला दहाच जागा आहेत. त्यातली एक जुन्या, सुरक्षित सेव्हसाठी राखून ठेवा आणि तिला हात लावू नका. एकाच जागेवर सेव्ह करत गेलात आणि चुकून मरायला दोन पावलं बाकी असताना सेव्ह झालं, तर सगळा गेम तिथेच संपतो.

३. वही कशी ठेवावी

रोज पाच ओळी पुरतात. तारीख, गेममधला दिवस किंवा जागा, काय केलं, काय कळलं नाही, उद्या काय करायचं. शेवटची ओळ कधीही गाळू नका. चार दिवस ऑफिसात उशीर झाला आणि पाचव्या दिवशी गेम उघडला, तर तीच ओळ तुम्हाला परत आत नेते.

गेमप्रमाणे नोंदीत थोडा फरक पडतो. 'हीरोज ३' खेळणारे महिना, आठवडा आणि दिवस सलग लिहितात. १२३ म्हणजे पहिला महिना, दुसरा आठवडा, तिसरा दिवस. ही खूण फार उपयोगी आहे, कारण या गेममध्ये नवीन सैनिक आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळतात. "१२७ ला किल्ल्यावर हल्ला केला आणि हरले" एवढं लिहिलं की जाणकार लगेच विचारतो, "एक दिवस थांबून नवीन सैनिक का नाही घेतलेस?" 'एज ऑफ एम्पायर्स २' मध्ये कुठल्या मिनिटाला पुढच्या युगात गेलात ते लिहा. फ्यूडल युगाला ५०० अन्न लागतं, कॅसलला ८०० अन्न आणि २०० सोनं. ते साठायला तुम्हाला किती वेळ लागतो यावरूनच तुमचे गावकरी रिकामे बसलेत का ते कळतं. 'फॉलआउट'मध्ये उरलेले दिवस लिहा. पाण्याची चिप (गोष्टीतल्या तळघराचं पाणी शुद्ध करणारा सुटा भाग) शोधायला सुरुवातीला १५० दिवस मिळतात, आणि नकाशावरचा एकेक प्रवास त्यातले कितीतरी दिवस खातो.

वहीत नावं गेममध्ये दिसतात तशीच लिहा. "तो लाल टोपीवाला" असं लिहिलंत तर महिन्याने तुम्हालाच कळणार नाही.

४. प्रगती सांगा, पण मोजून

रोजचं सगळं गटात टाकू नका. आठवड्यातून दोनदा, आठ-दहा ओळी, एक चित्र. चित्र फोनने स्क्रीनचा फोटो काढून नको, रेघा येतात आणि अक्षरं वाचता येत नाहीत. विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन बटणांनी हवा तेवढा भाग कापता येतो. पूर्ण स्क्रीनमध्ये काळं चित्र आलं तर गेम खिडकीत चालवून बघा.

काय जिंकलं यापेक्षा कसा निर्णय घेतला ते सांगा. नेरुळचे काका हे फार सुंदर करतात. एका लढाईत त्यांनी आपला सगळ्यात जुना तिरंदाज मुद्दाम मागे ठेवला, का ठेवला ते त्यांनी चार ओळींत लिहिलं होतं, आणि आम्ही दोन दिवस त्यावर बोलत होतो.

गोष्टीतलं रहस्य सांगायचं असेल तर आधी एका ओळीत इशारा द्या, "खाणीच्या पुढचं आहे", आणि मजकूर वेगळ्या संदेशात टाका.

५. वैताग सांगायची रीत

यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

आमच्या गटात माझा मामेभाऊ होता, ऐरोलीचा. त्याने 'बाल्डर्स गेट' सुरू केला. पहिल्या रात्री साडेअकराला त्याचा संदेश आला, "ताई, सगळे मेले. परत." दहा मिनिटांत आम्ही पाच जणांनी मिळून त्याच्यावर सल्ल्यांचा मारा केला. अमुक माणूस पार्टीत, म्हणजे सोबतच्या टोळीत घे, तमुक मंत्र शिक, त्या रस्त्याने जाऊच नकोस, अमुक ठिकाणी अंगठी पुरली आहे ती काढ. सगळं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्याने गेम काढून टाकला. पुढे दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, "मला उत्तर नको होतं गं. फक्त सांगायचं होतं." ती चूक आम्हा सगळ्यांची होती आणि त्यात मी सगळ्यात पुढे होते. तेव्हापासून आमच्याकडे वैताग चार ओळींत सांगायची पद्धत आहे:

१) मी कुठे आहे. जागा, गेममधला दिवस, माझी लेव्हल, सोबत कोण.
२) काय करून पाहिलं आणि किती वेळा.
३) नेमकं काय झालं.
४) मला काय हवं आहे: नुसतं ऐका, इशारा द्या किंवा उत्तर सांगा.

चौथी ओळ नसेल तर आम्ही आधी तीच विचारतो आणि तोवर कोणी काही सुचवत नाही. "नुसतं ऐका" लिहिलेलं असेल तर तिथे फक्त "अरे देवा" एवढंच लिहायचं, किंवा तुमची पार्टी तशीच कधी मेली होती ते सांगायचं. बहुतेकदा तोच माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःहून "आता इशारा द्या" म्हणतो.

दुसरी आणि तिसरी ओळ नीट भरली की निम्मी कोडी लिहितानाच सुटतात. "ढाल घातली आणि माझा आकडा कमी झाला, म्हणून काढली" असं आमच्यातल्या एकीने लिहिलं, आणि लिहिता लिहिता तिलाच शंका आली. 'बाल्डर्स गेट'च्या नियमांत आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला. अंगावर काहीच नसेल तर तो १० असतो आणि चिलखत, ढाल घालत गेलं की खाली येतो. 'थॅको'चं, म्हणजे हल्ल्याच्या आकड्याचंही तसंच, आकडा कमी झाला म्हणजे तुमचा वार लागण्याची शक्यता वाढली. पुस्तिकेतली ती चार पानं वाचल्याशिवाय या गेमला बसूच नका.

'हीरोज ३' मध्ये नवीन माणूस ज्या जागी सर्वांत जास्त चिडतो ती जागा म्हणजे शत्रूची संख्या. गेम आकडा न देता शब्द देतो. फ्यू म्हणजे १ ते ४, सेव्हरल ५ ते ९, पॅक १० ते १९, लॉट्स २० ते ४९, होर्ड ५० ते ९९, थ्राँग १०० ते २४९. "लॉट्स" बघून कोणी वीस समजून चढाई करतो आणि समोर पंचेचाळीस निघतात. म्हणून तिसऱ्या ओळीत "खूप होते" असं लिहू नका, गेमने दाखवलेला शब्द लिहा.

मोघम तक्रारीने केवढा घोळ होतो याचं उदाहरण 'एक्स-कॉम'च्याच इतिहासात आहे. १९९४ च्या मूळ डॉस आवृत्तीत एक दोष होता. तुम्ही अवघडपणाची कितीही वरची पातळी निवडली तरी सेव्ह केलेला गेम उघडल्यावर तो सगळ्यात सोप्या पातळीवर येत असे. लोकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी "गेम फार सोपा आहे" एवढंच कळवलं, आणि १९९५ चा पुढचा भाग त्यामुळेच इतका कठोर झाला असं सांगतात. आज खेळायचा असेल तर मूळ गेमच्या फाइल घेऊन तो नव्या प्रोग्रामात चालवणारं 'ओपनएक्सकॉम' वापरा, त्यात हा दोष नाही. आणि स्वतःची तक्रार लिहिताना आवृत्ती, पातळी आणि लावलेले मॉड (खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल) जरूर लिहा. एकदा तीन दिवस आम्ही दोघं एकाच लढाईबद्दल भांडत होतो, आणि शेवटी कळलं की एकाच्या आवृत्तीत ती लढाईच वेगळी होती.

रागाच्या भरात रात्री लिहिलेलं सकाळी गाडीत वाचून मगच पाठवा. माझे तरी अर्धे संदेश ऐरोली स्टेशन येईपर्यंत बदलतात.

६. दुसरा अडला असेल तेव्हा

"इशारा द्या" म्हणणाऱ्याला थेट उत्तर देऊ नका. तीन पायऱ्या ठेवा. 'फॉलआउट'मधली सुरुवातीचीच एक जागा घेऊन सांगते, थोडंसं गुपित फुटेल. सांगितलेल्या तळघरात, म्हणजे व्हॉल्ट १५ मध्ये, तुम्ही पोचता आणि खाली जाता येत नाही. बरेच जण इथे तासभर भिंती चाचपतात. पहिला इशारा: "वाटेतलं गाव नीट पाहिलंस का?" तो पुरला नाही तर दुसरा: "लिफ्ट बंद पडलेल्या विहिरीसारख्या जागेत माणूस कसा उतरेल?" आणि अगदीच शेवटी: दोरी. पहिल्या इशाऱ्यानंतर किमान एक रात्र जाऊ द्या. स्वतः सापडलेली दोरी माणूस वर्षानुवर्षं विसरत नाही.

"एवढं सोपं होतं" हे वाक्य गटात बंद ठेवा. वीस वर्षांपूर्वी खेळलेल्याला ते सोपं वाटतं, आज पहिल्यांदा बसलेल्याला नाही.

७. महिन्यातून एकदा भेटा

आम्ही रविवारी कोणाच्या तरी घरी भेटतो, नौपाड्यात किंवा ऐरोलीत. 'हीरोज ३' एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळता येतो, त्याला हॉट सीट म्हणतात, आणि आठ जणांपर्यंत बसता येतं. पण पहिल्या भेटीला छोटा नकाशा आणि तिघंच ठेवा. मोठ्या नकाशावर दुसऱ्याची चाल संपेपर्यंत बाकीचे फोन काढतात. सेव्ह पेन ड्राइव्हवर आणणार असाल तर सगळ्यांकडे एकच आवृत्ती आहे का ते आदल्या दिवशी बघून घ्या. वेगळ्या विस्तारातलं सेव्ह दुसरीकडे उघडत नाही.

नौपाड्यात भेटलो असू तर खेळ आटोपला की आम्ही चालत तलावपाळीला, म्हणजे ठाण्यातल्या तलावाच्या काठी जातो. एकेकाला दहा मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही. तलावाला एक फेरी मारेपर्यंत दोघांची कथा होते.

८. सोडायचा असेल तर शेवटची नोंद लिहून सोडा

परीक्षा येतात, घरात आजारपण येतं, किंवा गेम नकोसा होतो. सोडताना शेवटचं पान भरा: कुठे उभे आहात, कोणतं सेव्ह चांगलं आहे, कुठली कामं अर्धी आहेत, आणि कशामुळे थांबलात. सेव्हची प्रत गटातल्या कोणाकडे तरी ठेवा.

मामेभावाने गेम काढून टाकला त्या रात्री मी त्याच्याकडून सेव्हची फाइल मागून घेतली होती आणि त्याच्या संदेशांवरून एक पान लिहून ठेवलं होतं. "फ्रेंडली आर्म सरायच्या पायऱ्या. लेव्हल १. समोरचा जादूगार मंत्र म्हणायला लागला की पार्टी घाबरून पळते. चार वेळा मेला. पाचव्यांदा प्रयत्न केला नाही." गेल्या गणपतीत तो घरी आला होता. आरती झाल्यावर त्याने ते पान मागितलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "ताई, मंत्र म्हणत असताना त्याला बाण लागला तर मंत्र मोडतो का?" मी काही बोलले नाही, फक्त लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.